कडेला दिसलेली पवनचक्की

इरा आणि नील,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर नीलने मला एक प्रश्न विचारला आणि मी म्हटलं, उत्तर जरा लांब आहे, लिहून पाठवते. तुमच्या डेल्फ्टच्या घरात, नीलच्या टेबलासमोरच्या भिंतीवर, कुंदाआजीने काढलेला पवनचक्कीचा फोटो आहे. फोटोभर पिवळं शेत आणि आकाश, आणि पवनचक्की कुठे, तर अगदी उजव्या कडेला, एक पातं अर्धं कापलेलं. नीलचे मित्र पवनचक्क्यांच्या देशातच जन्मलेले, ते हा फोटो बघून हसले. नीलने विचारलं, “आजी, वॉज शी नॉट व्हेरी गुड?” इराने त्याला कोपराने ढोसलं, तेही मला दिसलं. प्रश्नात वाईट काही नव्हतं. पण माझ्या लक्षात आलं, की तुम्ही इथून गेलात तेव्हा लहान होता, आणि आणखी काही वर्षांनी कुंदाआजी म्हणजे तुमच्यासाठी फक्त तो एक फोटो उरेल. म्हणून आत्ताच लिहायला बसले आहे. तुमचं मराठी बोलण्यापुरतं, तेव्हा हे बाबा तुम्हाला वाचून दाखवेल. अमेय, मधलं काही गाळू नकोस. इथल्या मराठी वर्तमानपत्राच्या पुरवणीलाही मी हे देते आहे, कारण मेलबर्नमधल्या कितीतरी मराठी घरांत कुंदाने काढलेले फोटो आहेत, आणि तिचा शेवटचा फोटो कुठला, हे त्यातल्या बहुतेकांना माहीत नाही.

ती गेली त्याला आता दीड महिना होत आला. सकाळी मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते, तेव्हा गिरावीनहून तिच्या भाच्याचा फोन आला. शेवटचे काही महिने ती सिडनीला त्याच्याकडे राहत होती. तो म्हणाला, मावशी झोपेतच गेली. मी बरं म्हटलं, फोन खिशात ठेवला आणि उरलेले कपडे वाळत घातले, मोज्यांच्या जोड्या लावून, नेहमीसारखे. काम संपल्यावर मात्र रिकामी बादली हातात धरून मी तिथेच उभी राहिले... शेजारच्या मांजराने येऊन पायाला अंग घासलं, तेव्हा मला कळलं की ऊन बरंच वर आलं आहे.

मेलबर्नच्या ग्लेन वेव्हर्ली भागात आम्ही दोन गल्ल्या सोडून राहायचो. ती गोरेगावची, मी पुण्याची. ती इथल्या एका प्रयोगशाळेत नोकरी करायची आणि मी पुण्यात कॉलेजात इंग्रजी शिकवून आलेली, म्हणून तिने माझं नाव मास्तरीणबाई ठेवलं. माझ्या स्वयंपाकघरातल्या बरण्यांवरची लेबलं बघून ती म्हणायची, “मास्तरीणबाई, तुझ्याकडे मोहरीलासुद्धा हजेरी द्यावी लागते.” तिच्या घरी साखर कुठल्या डब्यात आहे हे दर वेळी झाकण उघडूनच कळायचं. तुमचे आजोबा गेले आणि पुढे तिचे यजमानही गेले, तेव्हा आम्ही दोघी एकमेकींच्या घरी इतक्या जायला लागलो की तिची चप्पल माझ्या दारात आणि माझी छत्री तिच्या दारात कायमचीच राहिली. तिला मूलबाळ नव्हतं. तुमचे आईबाबा कामावरून येईपर्यंत शाळेतून आल्यावर तुम्ही तिच्याकडे असायचात. तिने तुम्हाला पोहे खायला शिकवलं आणि तुम्ही तिला, शेंगदाणे बाजूला काढून ठेवायला.

फोटो काढणं हा तिचा धंदा नव्हता, पण आपल्या लोकांत बारसं असो, मुंज असो, कुणाकडचा दीड दिवसाचा गणपती असो, कुंदा कॅमेरा घेऊन हजर. तिची एक पद्धत होती. सगळ्यांना नीट उभं करायची, पदर सारखे करायला लावायची, एक-दोन-तीन म्हणायची आणि मग सांगायची, “झाला.” लोक श्वास सोडायचे, खांदे खाली यायचे, कुणी शेजारच्याकडे बघून हसायचं, कुणी पोट सैल सोडायचं. आणि तेव्हा ती खरं बटण दाबायची. हे सगळ्यांना माहीत होतं, तरी दर वेळी “झाला” ऐकलं की सगळे फसायचे. तिच्या फोटोंत माणसं फोटोतल्यासारखी का दिसत नाहीत, घरातल्यासारखी का दिसतात, याचं कारण एवढंच.

मग तिचे डोळे जायला लागले. तिचे डोळे दिसायला शेवटपर्यंत छान होते, पण आतल्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता. डॉक्टरांनी सांगितलं की कडेचं दिसत राहील, मधलं जाईल, आणि गेलेलं परत येणार नाही. तिने मला ते असं समजावलं: भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं तर घड्याळ नाहीसं होतं आणि शेजारचं कॅलेंडर दिसतं, कॅलेंडरकडे पाहिलं तर ते जातं आणि घड्याळ परत येतं. हे ती एखादी गंमत सांगावी तसं सांगायची. पण त्या वर्षी गणपतीत तिला फोटो काढायला बोलावलं, तेव्हा तिने कॅमेरा कपाटातून बाहेर काढलाच नाही. म्हणाली, लोकांचे चेहरे दिसत नाहीत, मग “झाला” कुणाला म्हणू? त्यानंतर तिला कुणी बोलावलं नाही. चांगुलपणानेच बोलावलं नाही, पण तिने ते मोजलं असणार.

तुम्ही हॉलंडला निघालात तेव्हा विमानतळावर इरा तिच्या कमरेला मिठी मारून उभी होती. तिकडे काय असतं, असं इराने विचारलं. कुंदाला सुचलं ते तिने सांगितलं, तिकडे पवनचक्क्या असतात. मग इराने डोळे पुसत विचारलं, “डू यू हॅव वन?” आणि कुंदा म्हणाली, आहे की, आमच्याकडेपण आहे, तुला फोटो पाठवते. घरी येताना गाडीत मी तिला विचारलं, कुठे आहे गं? ती म्हणाली, मला काय माहीत, पण पोरीला शब्द दिलाय, आता असायलाच पाहिजे.

आणि निघाली हो. मेलबर्नपासून बरीच लांब, पश्चिमेला, शेतांच्या मुलखात एक खरी डच पवनचक्की होती. दीडेकशे वर्षांपूर्वी कुणा शेतकऱ्याने ती हॉलंडमध्ये सुटी करून, जहाजाने आणून इथे उभी केलेली. आता ती गावच्या लोकांनी जपून ठेवली होती आणि वारा असेल त्या दिवशी ते ती फिरवून दाखवायचे. मी म्हटलं, पुढच्या उन्हाळ्यात जाऊ. कुंदा म्हणाली, “पुढच्या उन्हाळ्यात मला ती दिसेल याची खात्री देतेस का?” मी दुसऱ्याच आठवड्यात गाडी काढली.

वसंत ऋतू होता. सकाळी शहर ओलांडलं, टार्निटच्या बाजूची नवीन एकसारखी घरं मागे पडली आणि मग दोन्ही बाजूंना मोहरीसारख्या कनोलाची पिवळी शेतं सुरू झाली. ढग नव्हते, धूळ नव्हती, पण हवेत एक पातळ धुकं होतं आणि त्यामुळे ते पिवळं शेत जमिनीच्या जरासं वर तरंगत असल्यासारखं वाटत होतं. मी ते तिला सांगितलं. ती म्हणाली, मला तर रोजच सगळं असं दिसतं, तू आज आलीस माझ्या गावाला. तिच्या मांडीवर कॅमेरा होता आणि पायांशी एक मोठा स्टीलचा डबा, झाकणावर फडकं बांधलेला. वाटेत चहाला थांबलो तेव्हा मी विचारलं, खायचं एवढं कशाला? तर ते खायचं नव्हतं. थालीपिठाची भाजणी होती, आदल्या दिवशी भाजून आणलेली. “गिरणीला चाललोय ना? मग हात हलवत कशाला जायचं?” मी तिला सांगितलं की अगं, ते म्युझियमसारखं आहे, आपलं दळण कोण टाकून घेईल. ती म्हणाली, दगड फिरतात ना? मग गिरणी ती गिरणीच. इतकी वर्षं ऑस्ट्रेलियात राहून ती बाई पवनचक्कीला दळणाचा डबा घेऊन निघाली होती, आणि मी, लेबलं लावणारी, तिला आवरण्याऐवजी हसत हसत गाडी चालवत होते.

तिथे पोचलो तर वारा नव्हता. एका बुटक्या टेकडीवर ती लाकडी पवनचक्की उभी होती, काळपट, जुनी, चारही पाती स्तब्ध. मागे निलगिरीची झाडं. झाडांचं पानही हलत नव्हतं. मी गाडी थांबवली आणि म्हटलं, ही बघ. कुंदाने इकडे मान केली, तिकडे मान केली, डोळे बारीक केले. मग म्हणाली, “शैला, इथे झाडं आहेत आणि काहीतरी आहे. पण ती कुठली आणि झाडं कुठली, मला वेगळं करता येत नाहीये.” कधी नव्हे ते तिने मला नावाने हाक मारली होती. मी तिचा हात धरून तिला पार जवळ नेलं, लाकडावर हात ठेवायला लावला. तिने हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. हात लावून फोटो निघत नाही, म्हणाली.

तिथे हेन्क नावाचे एक डच गृहस्थ होते, आमच्याहून थोडे मोठे, लहानपणी आईबापांबरोबर इकडे आलेले. निवृत्त झाल्यापासून तेच पवनचक्कीची देखरेख करायचे. मी त्यांना सगळं सांगितलं, तुमचं डेल्फ्ट, इराला दिलेला शब्द, कुंदाचे डोळे. त्यांनी आकाशाकडे पाहिलं आणि म्हणाले, कदाचित दुपारनंतर येईल, कदाचित नाही येणार. वाऱ्याला फोन करता येत नाही. मग त्यांचं लक्ष डब्याकडे गेलं. कुंदाने फडकं सोडून डबा पुढे केला आणि तिच्या इंग्रजीत ठणकावून सांगितलं की हे ग्राइंड करून पाहिजे, फार फाइन नको. हेन्क यांनी वाकून वास घेतला आणि एवढा वेळ घेत राहिले की मला वाटलं आता शिंकणार. बाहेरचं धान्य मोठ्या दगडांत घालायची परवानगी नाही, हे सांगताना त्यांना खरोखर वाईट वाटत होतं. पण शाळेच्या मुलांना दाखवायला हाताने फिरवायचे दोन छोटे दगड आहेत, ते चालतील का, असं त्यांनी विचारलं. ते दगड बघून आम्ही दोघी एकमेकींकडे पाहायला लागलो. चक्क जातं.

आता तुम्हाला वाटेल की दोन मराठी आज्या जात्यावर बसल्या आणि लगेच भराभर पीठ पडायला लागलं. तसं काही नाही. कुंदा जन्मली गोरेगावला, चाळीखाली विजेची गिरणी. आम्ही दोघींनी जात्याला हात लावला होता तो फक्त लग्नांत, हळद दळायला, पाच सवाष्णींत उभं राहून, तोही फोटोपुरता. आम्ही ते आळीपाळीने फिरवलं, घास जास्त घातला, दगड अडला, निम्मी भाजणी तशीच बाहेर आली. दळताना म्हणायची एकही ओवी दोघींना येत नव्हती, तेव्हा कुंदाने जुन्या रेडिओवरची एका साबणाची जाहिरात म्हटली. हेन्क यांना ते पारंपरिक गाणं वाटलं आणि त्यांनी आदराने टोपी काढली. आम्ही त्यांना खरं सांगितलं नाही.

मग जेवलो, गवतावर चादर टाकून. तिखट-मिठाच्या पुऱ्या, लोणचं, दही. हेन्क यांनी लोणचं दोनदा मागून घेतलं. दुपार कलंडायला लागली. कुठेतरी लांब ट्रॅक्टर चालत होता आणि थांबत होता. कुंदा पाठीवर पडून डोळे मिटून बोलत होती. तिच्या यजमानांनी हा कॅमेरा घेऊन दिला तेव्हाची गोष्ट, मग इरा पहिल्यांदा कुंदाआजीचं “कुंदाजी” करून म्हणाली ती गोष्ट, मग एकदम, “नाही दिसली तर काय करायचं?” मी म्हटलं, मी आहे ना, मी सांगते तसा कॅमेरा धर, थोडी डावीकडे, थोडी वर, बरोबर मधोमध येईल. अगदी सोपं होतं ते. फोटो चांगला आला असता. ती उठून बसली आणि तिने माझ्या बाजूला, माझ्या कानाच्या जरा पलीकडे पाहिलं.

“म्हणजे तू बघणार आणि मी बटण दाबणार. मी न पाहिलेली पवनचक्की पोरीला माझी म्हणून पाठवू?”

ती रागावली नव्हती. पण तेव्हा मला कळलं की आम्ही इतक्या लांब फोटोसाठी आलोच नव्हतो. एकदा, शेवटचं, स्वतःच्या डोळ्यांनी काही बघून ते कुणाला तरी दाखवायचं होतं तिला. ते जमलं नाही तर ती कॅमेरा कपाटात ठेवणार होती, रिकामाच.

मला वाटतं, थोडी झोप लागली आम्हाला. जाग आली ती चादरीचं टोक तोंडावर आलं म्हणून. कनोलाच्या शेतातून एक सुरकुती पळत पळत आमच्याकडे येत होती, तिच्यामागे दुसरी. निलगिरीच्या पानांचा आवाज सुरू झाला. हेन्क पायऱ्या चढून वर गेले, ब्रेक सोडल्याचा खडखडाट झाला आणि आत लाकूड कण्हावं तसं कण्हलं. पाती हलली. आधी इतकी सावकाश, की हलली की आपणच हललो कळू नये... मग एक खाली आलं, एक वर गेलं, आणि ती भलीमोठी जुनी वस्तू वळायला लागली.

कुंदा उभी राहिली. तिने पवनचक्कीकडे पाहिलंच नाही. तिने पाठच फिरवल्यासारखं केलं, तोंड डावीकडच्या रिकाम्या शेताकडे, आणि तिथे ती स्थिर झाली. आपल्या डोळ्यांच्या कडेला हलणारी गोष्ट चटकन दिसते, स्थिर गोष्ट तितकी दिसत नाही. मला हे माहीत नव्हतं, तिलाही तोवर नीट माहीत नसावं.

“दिसली,” ती म्हणाली. “अगं, किती मोठी आहे.”

तिने कॅमेरा डोळ्याला लावला, शेताकडेच. मी बोलणार होते, की तू शेत घेते आहेस, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून नाही बोलले. ती थांबली होती. एक पातं गेलं, दुसरं गेलं. मग ती पवनचक्कीला उद्देशून, लहान मुलाला म्हणावं तशी, हळूच म्हणाली, “झाला.” आणि त्यानंतर तिने बटण दाबलं.

हाच तो फोटो. मी माझ्या फोनवर पवनचक्की मधोमध धरून एक सरळ फोटो काढला होता, चारही पाती असलेला. घरी आल्यावर कुंदाने विचारलं, तो पाठवणार आहेस का? मी म्हटलं, तू म्हणशील तसं. ती म्हणाली, तुझा छानच असेल, पण त्यांच्या देशात तसे दुकानात मिळतात. तेव्हा नील, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं आहे: कुंदाआजी फार चांगली फोटोग्राफर होती, आणि तुझ्या भिंतीवर आहे ते तिला जसं दिसलं अगदी तसं आहे. मित्रांना सांग, फोटोसमोर उभे राहा, डावीकडच्या रिकाम्या शेताकडे बघा आणि डोळे हलवू नका. मग पवनचक्की कुठे आहे ते त्यांनाही कळेल.

परतीच्या वाटेवर उजेड तिरपा झाला होता आणि पिवळी शेतं तपकिरी होत चालली होती. ती शेजारच्या सीटवर, समोरच्या काचेकडे तोंड करून बसली होती. मग ती म्हणाली, “तुला एक सांगू? गाडीत तू मला सगळ्यात चांगली दिसतेस. घरी तू समोर बसतेस, तेव्हा तुझं तोंड पुसल्यासारखं असतं. इथे बाजूला असतेस, तर अगदी तुझी नथीची जुनी खूणसुद्धा दिसते.” मी रस्त्यावरची नजर काढली नाही. म्हटलं, मग आधी का नाही सांगितलंस? ती म्हणाली, “तू खुर्च्या इतक्या सरळ मांडून ठेवतेस, मास्तरीणबाई. म्हटलं कशाला विस्कटा.”

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा मी माझी खुर्ची तिच्या समोरून उचलून तिच्या उजव्या हाताला, खिडकीकडे तोंड करून, तिरकी ठेवली. पुढे सिडनीला जाईपर्यंत आम्ही दोघी तशाच बसायचो, दोघीही खिडकीबाहेर बघत, बसमध्ये शेजारी बसल्यासारख्या. ती माझ्याकडे न बघता मला बघायची. मी कंटाळले की तिला लगेच कळायचं, आणि मी डोळे पुसले तर तेही.

मागच्या आठवड्यात एक ओळखीच्या बाई भेटायला आल्या होत्या. बसता बसता त्यांनी सहज ती खुर्ची सरळ करायला हात लावला. मी त्यांना दुसरीकडे बसायला सांगितलं. कुंदाचं इथलं घर आता दुसऱ्या लोकांचं झालं आहे, कॅमेरा तिच्या भाच्याकडे आहे, फोटो तुमच्याकडे आहे. माझ्याकडे दिवाणखान्यातली ती एक खुर्ची आहे. ती अजून तिरकी आहे.